विश्लेषण : दहावी परराज्यात, मग मेडिकलची जागा कुठल्या राज्यातून? गलाई कुटुंबांपुढचा पेच

सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी आणि साताऱ्यातील माण-खटाव हा दुष्काळी पट्टा. इथली असंख्य कुटुंबं सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. घर, शेत, भाऊबंद गावाकडं. मुलांची शाळा मात्र हैदराबाद किंवा कोइमतूरमध्ये. मुलानं ‘नीट’ दिली की प्रश्न उभा राहतो : आपण नेमके कुठल्या राज्याचे?

नियम काय सांगतो?

सरकारी महाविद्यालयांतील एमबीबीएसच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून, तर ८५ टक्के राज्य कोट्यातून भरतात. मिरज आणि साताऱ्यातही तेच. राज्य कोट्यासाठी महाराष्ट्राचा डोमिसाइल दाखला लागतोच. शिवाय दहावी आणि बारावी, दोन्ही महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण हवी. ठरावीक सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना यात सवलत आहे. कर्नाटकशी वाद असलेल्या ८६५ गावांतील मराठी भाषकांसाठीही वेगळी तरतूद आहे. धंद्यासाठी बाहेर पडलेल्या गलाईवाल्यांच्या पोरांसाठी मात्र काही नाही.

गफलत कुठं होते?

‘दहावी होऊ दे, मग गावाकडं आणू’ या हिशेबात. समजा, मुलगी हैदराबादेत दहावी झाली आणि अकरावीला विट्याला आली. महाराष्ट्र दहावीचं प्रमाणपत्र इथलं मागतो, ते तिच्याकडं नाही. तेलंगणाला नववी ते बारावी अशी सलग चार वर्षं तिथलीच हवीत; सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२५ मध्ये तो नियम कायम ठेवला. म्हणजे दोन्ही राज्यांचा कोटा गेला. उरतात १५ टक्के जागा, जिथं स्पर्धा अख्ख्या देशाशी. नाहीतर कराडचं कृष्णा, सांगलीचं भारती विद्यापीठ अशी अभिमत महाविद्यालयं. तिथं डोमिसाइलची अट नाही, पण शुल्क वर्षाला लाखांत.

इंजिनीअरिंगचं काय?

तिथं अट सैल आहे. दहावी-बारावी बाहेर झाली, तरी आई किंवा वडिलांच्या डोमिसाइलवर राज्याचा उमेदवार म्हणून अर्ज करता येतो. अर्थात, अर्धं आयुष्य परराज्यात गेलेल्या वडिलांना तो दाखला काढताना वास्तव्याचे पुरावे गोळा करावे लागतात, हे वेगळंच.

नियम बदलेल?

जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशातील रहिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. एमबीबीएसला मात्र ते चालतं, असंच न्यायालयाचं म्हणणं. त्यामुळं मेडिकल डोक्यात असेल तर तिथंच राहायचं की गावाकडं यायचं, हे नववीच्या प्रवेशाआधीच ठरवावं लागतं. आणि गावाकडं म्हातारे आजी-आजोबाच असतील, तर चौदा वर्षांच्या पोराचं सगळं बघायचं कोणी, हेही.