माळावरची झाडे आणि मातीचे वय

वृक्षारोपणाच्या प्रत्येक समारंभात, मग तो सोलापूरच्या माळावर होवो की नगरच्या डोंगरउतारावर, व्यासपीठावरून एक विधान हमखास ऐकू येते : झाडे लावा, चार पावसाळ्यांत नापीक जमीन सुपीक होईल. वक्त्यांच्या सद्भावनेविषयी मला यत्किंचितही शंका नाही. परंतु मातीला लागणाऱ्या काळाचा विचार न करता हे आश्वासन वर्षानुवर्षे दिले जाते, याचा आता मनस्वी उबग आला आहे.

वस्तुस्थिती अशी, की खड्डे आणि समपातळी चर खणताना गवताच्या मुळांनी धरून ठेवलेला वरचा थर उलथला जातो, त्यास हवा लागते आणि सूक्ष्मजीव त्यातील सेंद्रिय द्रव्य झपाट्याने फस्त करतात. उलटपक्षी रोपे कोवळी असल्याने त्यांचा पालापाचोळा नगण्य असतो. म्हणजे जमेपेक्षा खर्चच अधिक. जगभरातील लागवडींच्या नोंदी एकत्र ताडून पाहणाऱ्या, 2002 साली प्रसिद्ध झालेल्या पॉल व सहकाऱ्यांच्या अभ्यासात हेच आढळले : वरच्या थरातील कर्ब पहिल्या पाच वर्षांत सामान्यतः घटतो, मग घट मंदावते, आणि पूर्वीच्या शेतजमिनीइतकी पातळी पुन्हा गाठण्यास सुमारे 30 वर्षे लागतात. पुढे सावली, पाला आणि मेलेली मुळे यांच्या योगे माती भुसभुशीत होते, पाणी अधिक मुरते, हे निर्विवाद. मात्र अवर्षणप्रवण मुलखात वर्षातील बहुतेक महिने पाला कोरडाच पडून राहतो, त्यामुळे तो कुजून मातीत मिसळण्याची गती अधिकच मंद असते.

शिवाय पाण्याचा हिशेब वेगळाच. चीनच्या लोएस पठारावर 1999 पासून उतारावरील शेती सोडवून झाडे व गवत लावण्यात आले. धूप घटली, पीत नदीतील गाळ कमी झाला, मातीतील कर्बही वाढला. हे यश मोठेच आहे. तथापि त्याच पठारावर, रोबिनियासारख्या झाडांच्या खोल मुळांनी काही मीटर खालची ओल शोषून घेतल्यामुळे, पावसाने सहसा न भरून निघणारा कोरडा थर जागोजाग तयार झाला, आणि 2016 साली ‘नेचर क्लायमेट चेंज’ या नियतकालिकातील अभ्यासाने तेथील लागवड जलमर्यादेच्या निकट पोहोचल्याचा इशारा दिला. एकाच झाडाखाली कर्ब वाढतो आणि ओल घटते, या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या गेल्या पाहिजेत.

उरलेले समज थोडक्यात. माळ म्हणजे पडीक जमीन, ही महसुली दप्तरातून रूढ झालेली समजूत खोटी आहे : पवन्या, मारवेल यांच्या कुरणात कर्बाचा मोठा साठा भूमिगत मुळांत असतो, आणि नान्नजला माळढोकाच्या प्रदेशात झालेल्या लागवडीने त्या पक्ष्यास हवा असलेला मोकळा माळच आक्रसला. कोणतेही झाड चालते, हेही असत्य. बाभूळ हवेतील नत्र मातीत आणते, निलगिरी आणत नाही. झाडांनी पाऊस येतो म्हणणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे, की सोलापूरचे पर्जन्यमान ठरते ते मोसमी वाऱ्यांनी आणि सह्याद्रीच्या आडोशाने, गावच्या दहा एकर वनाने नव्हे. आणि जगलेल्या रोपांची संख्या अहवालाच्या रकान्यात भरली म्हणजे मातीची प्रकृती कळते, असेही नाही. त्यासाठी लागवडीपूर्वी, आणि मग दहा व वीस वर्षांनी, त्याच जागी कर्ब, ओल आणि पाणी मुरण्याचा वेग मोजावा लागतो.