घरबसल्या व्यापार आणि रोजची वही

पालघर तालुक्यातील बहाडोलीच्या जांभळास २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ताजे जांभूळ फार दिवस टिकत नाही. सरबत मात्र दूरवर पाठविता येते. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या एखाद्या कुटुंबास ते ऑनलाइन विकण्याचा मोह व्हावा, हे साहजिकच होय. मोहात गैर काही नाही. प्रश्न आहे तो हिशेबाचा.

समजा, बाटलीची किंमत ३०० रुपये आहे. माल १४०, वेष्टन २५, कुरिअर ६० आणि विक्रीमंचाचे कमिशन ४५ वजा जाता हाती ३० रुपये उरतात. दहांपैकी एक बाटली फुटून परत आली, तर कमिशन माफ होऊनही माल, वेष्टन व दोन्ही खेपांचे भाडे मिळून २८५ रुपये बुडतात. उरलेल्या नऊ बाटल्यांचा नफा २७०! वेष्टनात केलेली काटकसर अशी महाग पडते.

दुसरी बाब कायद्याची. वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असणाऱ्या विक्रेत्यास १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणीविना, केवळ नावनोंदणी क्रमांक घेऊन, अशा मंचावर माल विकता येतो. परंतु राज्याच्या सीमेतच. बोईसरकरास विरार आणि वापी दोन्ही जवळची. मात्र वापीस करपात्र माल धाडताच रीतसर नोंदणी सक्तीची होते. अन्नसुरक्षेची नोंदणी तर आरंभापासूनच हवी.

म्हणून पहिला हंगाम महाराष्ट्रापुरताच व्यापार करावा, परत आलेल्या मालासह रोजची वही लिहावी आणि तिचा ताळेबंद मांडल्याखेरीज हातची नोकरी सोडू नये.