रिब्यूशिया : बुडाशी फुलणारे लहानसे निवडुंग

अर्जेंटिनाच्या वायव्य भागात आणि बोलिव्हियात, अँडीज पर्वताच्या उतारांवर खडकांच्या फटींत वाढणाऱ्या या निवडुंगांच्या प्रजातीला कार्ल शूमान या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९५ मध्ये पिएर रेब्यू या फ्रेंच निवडुंग-संवर्धकावरून रिब्यूशिया हे नाव दिले. तिच्यातील मिनस्क्युला ही जाती नवोदितांसाठी सर्वांत योग्य ठरते, कारण बियांपासून वाढवलेले रोपही दोन-तीन वर्षांत फुलावर येते.

बहुतेक निवडुंगे माथ्याजवळ फुलतात; रिब्यूशियाची फुले मात्र बुडालगतच्या जुन्या एरिओलमधून, म्हणजे काटे ज्यातून फुटतात त्या लोकरी ठिपक्यांमधून, निघतात. तेथे प्रथम तपकिरी-लालसर टोकदार कळी दिसते, तर हिरवा, गोलसर कोंब असल्यास ते पिल्लू असते. हा फरक ओळखण्याइतके बारकाईने पाहणे आनंददायक आहे.

फुलोऱ्याचे खरे कारण हिवाळ्यातील विश्रांती हे होय : झाड थंड, उजेडाच्या जागी ठेवून पाणी जवळजवळ बंद केले, तरच वसंतात भरपूर कळ्या धरतात. त्यामुळे नाशिक-पुण्याकडील थंडी त्याला मानवते, कोकणपट्टीतील उबदार हिवाळ्यात मात्र फुले कमी येतात. उथळ कुंडीत निम्मी जाडसर वाळू मिसळलेली माती भरावी, ती पूर्ण सुकल्यावरच पाणी द्यावे आणि पावसाळ्यात कुंडी आडोशाला ठेवावी. मऊ सालीवर लाल कोळी ही सूक्ष्म कीड लवकर पडते. खोडावर करडे-तपकिरी डाग दिसताच उपाय करावा. मिनस्क्युलात स्वपरागणाने बी धरते. ते फार काळ टिकत नसल्याने ताजेच पेरावे.