कळफलक बिघडला म्हणून कंपनी बदलावी का?

लॅपटॉप घेताना पडद्याचा आकार, प्रोसेसरचा वेग, बॅटरीचे तास यांची कसून चौकशी होते. कळफलकाची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. तो असणारच आणि चालणारच, असे गृहीत धरलेले असते. मग एके दिवशी कळ दाबूनही अक्षर उमटत नाही, किंवा एकदा दाबल्यावर दोनदा उमटते, आणि लाखभर रुपयांचे यंत्र एका अक्षरापायी अडून बसते. वैतागलेला ग्राहक अशा वेळी एकच निश्चय करतो : पुन्हा या कंपनीच्या वाटेला जायचे नाही.

हा निश्चय स्वाभाविक आहे. पण तो बरोबर असतोच असे नाही. याची कसोटी पाहायला एक मोठे उदाहरण उपलब्ध आहे. २०१५ ते २०१९ या काळात अ‍ॅपलच्या लॅपटॉपमध्ये बसवलेल्या कळफलकाने जगभरच्या ग्राहकांना हाच प्रश्न विचारायला भाग पाडले होते.

ते प्रकरण समजण्यासाठी कळेच्या खाली काय असते, हे आधी पाहायला हवे. बहुतेक लॅपटॉपमध्ये प्रत्येक कळेखाली प्लास्टिकच्या दोन चौकटी कात्रीच्या पात्यांप्रमाणे एकमेकींत अडकवलेल्या असतात. म्हणून या रचनेला 'सिझर' म्हणतात. मधोमध रबराची इवलीशी घुमटी असते. कळ दाबली की घुमटी दबते, तिच्याखालच्या पातळ पापुद्र्यांवरील दोन वाहक ठिपके एकमेकांना टेकतात आणि विद्युतमंडल पूर्ण होते. बोट उचलले की घुमटी पुन्हा उसळते. या सगळ्यात कळ साधारण दीड-दोन मिलिमीटर खाली जाते. चिवड्याचा कण किंवा धूळ आत गेली, तरी एवढ्या हालचालीत ती बहुधा बाजूला सरकते.

९ मार्च २०१५ रोजी अ‍ॅपलने बारा इंची मॅकबुक जाहीर केला. जाडी १३.१ मिलिमीटर, वजन किलोपेक्षा कमी. एवढ्या पातळ यंत्रात जुनी कात्री बसेना, म्हणून कंपनीने नवी यंत्रणा आणली आणि तिला 'बटरफ्लाय' म्हणजे फुलपाखरू असे नाव दिले. यात दोन भाग पंखांप्रमाणे मध्ये जोडलेले होते आणि रबराच्या घुमटीची जागा पोलादाच्या पातळ घुमटीने घेतली होती. ही यंत्रणा जुन्यापेक्षा ४० टक्के पातळ असल्याचे कंपनीने सांगितले. कळ कोपऱ्यावर दाबली तरी ती न डगमगता सरळ खाली जाते, हाही दावा होता आणि तो खराही होता. (कळफलकाला हे नाव मिळण्याची ही पहिलीच वेळ नव्हे. आयबीएमच्या १९९५ सालच्या थिंकपॅड ७०१ या लॅपटॉपचा कळफलक झाकण उघडताच पंखांसारखा दोन्ही बाजूंना पसरत असे. त्यालाही लोक फुलपाखरूच म्हणत; पण त्याचा या यंत्रणेशी संबंध नाही.)

अडचण होती ती अंतराची. नव्या कळेची हालचाल अवघ्या अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास होती. एवढ्या चिंचोळ्या जागेत गेलेला कण बाजूला सरकायला वावच उरला नाही. तो पंखाखाली अडकला की कळ मुकी होई, चिकटून बसे किंवा दुहेरी उमटे. वापरणाऱ्याची चूक म्हणावी, तर ती इतकीच की तो धूळ असलेल्या जगात राहत होता.

ऑक्टोबर २०१६ मध्ये हीच यंत्रणा, थोडी सुधारून, मॅकबुक प्रो मालिकेत आली, आणि तक्रारींचे स्वरूप पालटले. बारा इंची मॅकबुक हा प्रवासातला हलका सोबती होता. 'प्रो'वर मात्र पत्रकार, प्रोग्रॅमर, चित्रपट संकलक यांचे पोट चालते. त्यातच दुरुस्तीचा प्रश्न होता, आणि या प्रकरणातील खरी मेख तीच आहे. हा कळफलक लॅपटॉपच्या वरच्या धातूच्या सांगाड्याला असंख्य बारीक रिबेटांनी जोडलेला होता आणि बॅटरी त्याच सांगाड्याला चिकटवलेली होती. त्यामुळे एका कळेचा दोष काढायचा, तर अनेकदा कळफलक, सांगाडा व बॅटरी हे सारे एकत्र बदलावे लागे. हमीची मुदत संपलेल्या ग्राहकाला हा खर्च शेकडो डॉलरच्या घरात जाई. लॅपटॉप ७५ अंशांच्या कोनात धरून दाबाच्या हवेचा फवारा मारावा, अशी सूचना कंपनीच्या संकेतस्थळावर होती. महागड्या यंत्राच्या मालकाने ते तिरपे धरून त्यावर फुंकर घालावी, यातला विनोद त्या काळात कोणाच्याच नजरेतून सुटला नाही.

ऑक्टोबर २०१७ मध्ये 'द आउटलाइन' या संकेतस्थळावर केसी जॉन्स्टन या पत्रकार महिलेने आपल्या बिघडलेल्या कळफलकाची आणि सेवाकेंद्रातील हेलपाट्यांची हकीकत लिहिली, तेव्हा हा विषय चव्हाट्यावर आला. मे २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात ग्राहकांच्या वतीने सामूहिक दावा दाखल झाला. पुढच्याच महिन्यात, २२ जूनला, कंपनीने मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली. यंत्राच्या पहिल्या विक्रीपासून चार वर्षांपर्यंत ती लागू होती आणि ती भारतासह जगभर होती. जुलै २०१८ च्या नव्या मॅकबुक प्रोमध्ये कळेखाली सिलिकॉनचे पातळ आवरण आले. आवाज कमी व्हावा म्हणून कळफलक सुधारल्याचे कंपनीने सांगितले. यंत्र उघडून पाहणाऱ्या 'आयफिक्सिट'च्या तंत्रज्ञांना मात्र ते धूळ अडवण्यासाठीच असल्याचे दिसले.

तरीही दोष गेला नाही. मार्च २०१९ मध्ये 'द वॉल स्ट्रीट जर्नल'च्या स्तंभलेखिका जोआना स्टर्न यांनी आपला स्तंभ 'e' आणि 'r' ही अक्षरे गाळूनच छापला, कारण त्यांच्या नव्या यंत्रावर ती नीट उमटतच नव्हती. 'T' तर दोनदा उमटत होते. मराठीत टंकलेखन करणाऱ्याने हा प्रसंग क्षणभर आपल्यावर ओढवून पाहावा. इनस्क्रिप्ट मांडणीत 'e'च्या जागी काना आहे, 'r'च्या जागी दुसरी वेलांटी आणि 't'च्या जागी दुसरा उकार. या तीन कळा रुसल्या की 'काम'चे 'कम' होते, 'पाणी'चे 'पण' होते. इंग्रजी वाचक गाळलेले अक्षर संदर्भाने ओळखू शकतो. मराठीत काना गेला की शब्दच दुसरा होतो.

अखेर नोव्हेंबर २०१९ मध्ये सोळा इंची मॅकबुक प्रो बाजारात आला तो पुन्हा कात्रीची रचना घेऊन. कळेची हालचाल आता एक मिलिमीटर होती. मार्च २०२० मध्ये मॅकबुक एअर आणि मे २०२० मध्ये तेरा इंची प्रो याच मार्गाने गेले आणि फुलपाखराची कारकीर्द संपली. न्यायालयातील दाव्यात कंपनीने दोष मान्य केला नाही. पण २०२२ मध्ये ५ कोटी डॉलर देण्याची तडजोड केली. एकाहून अधिक वेळा सांगाडा बदलावा लागलेल्यांना ३९५ डॉलरपर्यंत, एकदाच बदललेल्यांना १२५ डॉलरपर्यंत आणि केवळ कळा बदललेल्यांना ५० डॉलरपर्यंत रक्कम ठरली. लाभ फक्त अमेरिकेतील सात राज्यांच्या ग्राहकांना. पुण्यात किंवा पणजीत हेच यंत्र घेऊन तोच मनस्ताप भोगणाऱ्याला यातला एक पैसाही मिळणार नव्हता.

आता मूळ प्रश्नाकडे. २०१८ मध्ये ज्याने अ‍ॅपल सोडले, त्याचे चुकले का? मुळीच नाही. त्या वर्षी कंपनीच्या दुकानातील जवळजवळ प्रत्येक नव्या लॅपटॉपमध्ये तीच यंत्रणा होती. पर्याय हवा तर बाहेरच पाहणे भाग होते. पण ज्याने 'हे नावच नको' अशी शपथ घेतली आणि २०२१ मध्येही ती पाळली, त्याने मात्र एका यंत्रणेचा राग नावावर काढला. दोष होता तो विशिष्ट वर्षांतील विशिष्ट रचनेत. ती रचना गेली, दोषही गेला.

शिवाय ज्याच्याकडे जायचे, तोही निर्दोष असतो असे नाही. कळफलकासाठी ज्याची ख्याती, त्या थिंकपॅडच्या एक्स१ कार्बन या मॉडेलमध्ये लेनोवोने २०१४ साली वरच्या रांगेतील फंक्शन कळा काढून तेथे स्पर्शाची पट्टी बसवली. ग्राहक इतके नाराज झाले की पुढच्याच वर्षीच्या मॉडेलमध्ये कळा परत आल्या. अ‍ॅपलने २०१६ मध्ये आपल्या 'टच बार'मध्ये जवळपास तीच चूक केली आणि २०२१ पासून ती मागे घेतली. डेलने २०२२ मध्ये एक्सपीएस १३ प्लसवर अशीच पट्टी आणली. शहाणपण उसने मिळत नाही, ते प्रत्येक कंपनी रोख मोजून घेते.

आणखी एक गोष्ट ग्राहकाला सहसा ठाऊक नसते. लॅपटॉपवर नाव एकाचे असले तरी त्याची जुळणी बहुधा क्वांटा, कॉम्पाल यांसारख्या तैवानी कंपन्या करतात आणि कळफलक चिकोनी, डार्फोन अशा पुरवठादारांकडून येतो. एकच पुरवठादार अनेक नामवंत कंपन्यांना माल देतो. याउलट एकाच कंपनीच्या दोन मालिकांत जमीनअस्मानाचा फरक असू शकतो. कार्यालयांसाठी बनवलेल्या मालिकेत कळफलक बऱ्याचदा काही स्क्रू काढून बदलता येतो. काहींत सांडलेले पाणी निचरून जाण्याची सोयही असते. त्याच कंपनीच्या स्वस्त, देखण्या मालिकेत मात्र तो प्लास्टिकच्या खिळ्यांनी कायमचा सांधलेला सापडतो. म्हणून 'कोणती कंपनी?' यापेक्षा 'कोणती मालिका, कोणत्या सालची, आणि कळफलक वेगळा बदलता येतो का?' हे विचारणे अधिक उपयोगाचे ठरते. एचपी, डेल, लेनोवो यांच्या अनेक मॉडेलांच्या दुरुस्तीच्या पुस्तिका त्यांच्या संकेतस्थळांवर मोफत मिळतात. खरेदीपूर्वी त्यातले कळफलकाचे पान उघडले तर विक्रेत्याच्या अर्ध्या तासाच्या भाषणाहून अधिक कळते.

अर्थात, त्याआधी दोष खरोखर कळफलकाचाच आहे ना, याची खातरजमा करावी. बाहेरून साधा यूएसबी कळफलक जोडावा. त्यावरही तीच तक्रार राहिली तर दोष प्रणालीत आहे. विंडोजमध्ये उजवी शिफ्ट कळ आठ सेकंद दाबून राहिली तर 'फिल्टर कीज' ही सोय चालू करण्याची विचारणा होते. नकळत होकार दिला गेला की झटपट दाबलेल्या कळा यंत्र दुर्लक्षित करते आणि कळफलक बिघडल्याचा भास होतो. एकच कळ अडत असेल तर कचऱ्याचा संशय घ्यावा. अनेक कळा एकदम गेल्या असतील तर आतील जोडपट्टी किंवा सांडलेला चहा कारणीभूत असतो. कळफलक मध्येच फुगल्यासारखा वर आला असेल, तर मात्र एक दिवसही थांबू नये. त्याखालची बॅटरी फुगलेली असू शकते आणि ती पेटण्याचा धोका असतो.

कंपनी बदलण्याची किंमत केवळ नव्या यंत्राची नसते. मॅकवरून विंडोजवर किंवा उलट जाताना बोटांना लागलेले वळण मोडावे लागते, विकत घेतलेली सॉफ्टवेअरे पुन्हा घ्यावी लागतात. मराठीत काम करणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण असते. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेले वर्षानुवर्षांचे दस्तऐवज नव्या प्रणालीवर उघडतील की नाही, हे आधी तपासावे लागते. तपासले नाही तर कळ सुधारते आणि लेख हरवतो.

हमी असेल तर आधी लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. दुरुस्तीच्या प्रत्येक खेपेची पावती जपावी. एकच दोष दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आला हे दाखवणारा पुरावा तोच असतो. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष रचनेबद्दलही उत्पादकाला जबाबदार धरण्याची तरतूद आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत आणि आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

फुलपाखरू कळफलकाची यंत्रे जुन्या मालाच्या बाजारात अजून फिरत आहेत. दिसायला ती देखणी आहेत, किंमतही मोहात पाडणारी असते. मोफत दुरुस्तीची मुदत मात्र बहुतेकांची केव्हाच उलटली आहे. असे यंत्र घ्यायचेच झाले, तर पैसे देण्यापूर्वी एक कोरे पान उघडून प्रत्येक कळ दहा-दहा वेळा दाबून पाहावी. आधी इंग्रजीत, मग मराठीत. शिफ्टसह आणि शिफ्टविना.