बालकर्करोग : आधी औषध, मग शस्त्र

मंडणगड, प्रतिनिधी : कर्करोगाची गाठ आढळली की ती तत्काळ कापून काढावी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. लहान मुलांच्या बाबतीत ती पुष्कळदा खरी ठरत नाही. त्यांच्या अनेक गाठींवर आधी काही आठवडे केमोथेरपी दिली जाते आणि शस्त्रक्रिया त्यानंतर होते. घाईने झालेली पहिली शस्त्रक्रिया मात्र पुढचे सर्व उपचार अवघड करून ठेवते. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकावरील, रेल्वे नसलेल्या मंडणगड तालुक्यातील पालकांनी हे मुद्दाम समजून घ्यावे असे आहे.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळतो तो रक्ताचा कर्करोग. त्यात कापण्याजोगी गाठच नसते. शल्यचिकित्सकाचे काम बहुधा औषधांसाठी मोठ्या शिरेत नळी बसविण्यापुरते असते. घन गाठींची गोष्ट निराळी.

मूत्रपिंडातील विल्म्स ट्यूमर हे त्याचे ठळक उदाहरण. जर्मन शल्यचिकित्सक मॅक्स विल्म्स यांचे नाव या गाठीस मिळाले आहे. बहुतांश रुग्ण पाच-सहा वर्षांच्या आतले असतात. मूल हसतेखेळते असते, दुखत काही नसते. आंघोळ घालताना आईच्या हातास पोटाच्या एका बाजूस कठीण गोळा लागतो. जंत असतील, पोट साफ नसेल, असे म्हणत दिवस जातात. क्वचित तेल लावून पोट चोळलेही जाते. ते कटाक्षाने टाळावे, कारण ही गाठ नाजूक असते. ती पोटात फुटली तर रोगपेशी सर्वत्र पसरतात, रोगाचा टप्पा वाढतो आणि जिथे एरवी थोड्या औषधांवर भागले असते तिथे अधिक केमोथेरपी व किरणोपचार द्यावे लागतात. शस्त्रक्रियेतही हाच धोका असतो. म्हणून आधी औषधाने गाठ आकसू दिली जाते, मग मूत्रपिंडासह ती अखंड काढली जाते. जवळच्या लसीकाग्रंथीही तपासणीस पाठवितात. पुढील औषधांचे प्रमाण त्या अहवालावर ठरते. एका मूत्रपिंडावर मूल उत्तम वाढते. प्रगत देशांत या रोगाचे सुमारे नव्वद टक्के रुग्ण बरे होतात.

हाडाच्या कर्करोगात घोटाळा वेगळाच. किशोरवयीन मुलाचा गुडघा सुजतो, खेळताना लागले असे वाटते आणि मालीश सुरू होते. रात्री ठणकणारी, आठवड्यांनंतरही न उतरणारी सूज असेल तर आधी एक्स-रे काढावा. पूर्वी अशा रोगात पाय कापणे हाच बहुधा मार्ग असे. आता पुष्कळदा रोगट हाड काढून कृत्रिम सांधा बसविता येतो. परंतु तपासणीसाठी तुकडा काढताना छेद चुकीच्या जागी घेतला गेल्यास वाचू शकणारा पायही गमवावा लागतो. त्यामुळे बायॉप्सीसुद्धा पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकानेच करावी. बाहुलीत पांढरी चमक दिसल्यास मात्र एक दिवसही थांबू नये. दृष्टिपटलाचा कर्करोग लवकर सापडला तर डोळा वाचू शकतो.

कोकणातील रुग्णांचा रस्ता अखेर परळला जातो. तेथे १९४१ पासून टाटा स्मारक रुग्णालय आहे. बालकर्करोगतज्ज्ञ, शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ व किरणोपचारतज्ज्ञ यांनी एकत्र बसून उपचारांचा क्रम ठरविणे, हे अशा केंद्राचे खरे सामर्थ्य. यंत्रे अन्यत्रही मिळतात. राहिला प्रश्न पैशाचा व निवाऱ्याचा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया व केमोथेरपी समाविष्ट आहे. शिधापत्रिका व ओळखपत्रे सोबत असावीत. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा बाहेरगावच्या रुग्णांना आसरा देते. २००६ मध्ये सुरू झालेली सेंट ज्यूड संस्था कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांना विनामूल्य निवास देते. चाकरमानी नातेवाइकांच्या खोलीत महिनोन्महिने राहणे अवघड, हे मंडणगडकरांस सांगावयास नको. या सोयींची चौकशी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी करावी, कारण गाठ निघाली, मूल धावू लागले, आता पुरे, असे म्हणून परतलेल्या मुलांत रोग उलटण्याची भीती मोठी असते.

उपचार संपल्यावरही काही वर्षे ठरावीक तारखांना परळची फेरी चुकत नाही. एक मूत्रपिंड काढलेल्या मुलाचा रक्तदाब व लघवी अधूनमधून तपासावी लागते. तेवढ्यापुरते गावाजवळचे सरकारी रुग्णालय पुरते. केसपेपर मात्र सोबत न्यावा.