थंडीचा हिशेब

झाडाला थंडी मोजता येते, असं मी म्हटलं की आमच्या नातीला वाटतं आजोबांच्या चहात आज कुणीतरी काहीतरी घातलंय. पण जरा दम धरा पोरांनो, बसा जवळ, सगळं सांगतो. गेल्या चैत्रात मुलगा, सून, नात आणि आम्ही दोघं म्हातारे, असं सगळं बिऱ्हाड युरोपात जाऊन आलो. राजवाडे नि मनोरे बघायची मला हौस नव्हती. कॉलेजात एका ताटात जेवलेले दोघं-तिघं तिकडे कायमचे राहिलेत, त्यांची तोंडं एकदा बघून यावीत एवढाच बेत. जिनिव्हातल्या मित्राच्या बायकोसाठी हिनं कढीपत्त्याचं रोप ओल्या फडक्यात गुंडाळून तयार ठेवलं होतं, पण असलं रोप पिशवीत टाकून तिकडे नेणं कायद्यात बसत नाही, म्हणून ते शेजारणीच्या कुंडीत गेलं आणि गोडा मसाला तेवढा जिनिव्हाला पोहोचला. हे रोप लक्षात असू द्या, पुढं लागणार आहे.

तर जिनिव्हाच्या जुन्या गावात, चढावर, ला त्रेय नावाची जागा आहे. तिथं एक लाकडी बाक आहे, चांगला १२० मीटरच्या आसपास लांब. आमची दोन्ही घरं बसून वर लग्नाचं वऱ्हाड बसवलं असतं तरी जागा उरली असती. बाकावर टेकलो तोच मित्र म्हणाला, ‘अरे, ते झाड नीट बघून ठेव, ते सरकारी नोकरीत आहे.’ मला वाटलं याची थट्टा करायची खोड गेली नाही अजून. पण खरंच होतं ते. तिथल्या विधिमंडळात सोतिए नावाचा एक अधिकारी असतो आणि १८१८ सालापासून त्याच्याकडे एक काम चालत आलंय: हॉर्स चेस्टनटच्या एका ठरलेल्या झाडावर नजर ठेवायची, पहिलं पान फुटलं की तारीख वहीत लिहायची आणि गावाला रीतसर कळवायचं की वसंत आला. अधिकारी बदलले, झाडंही बदलली, कारण एक झाड म्हातारं होऊन गेलं की दुसऱ्याची नेमणूक होते. नोंद मात्र चालूच आहे. मला हे फार आवडलं. आपल्याकडे सरकारी वहीत झाडाचं नाव बहुधा ते तोडायच्या वेळीच चढतं.

आता थंडीचं ऐका. त्या ओळीतल्याच एका झाडाच्या खालच्या फांदीवर एक आळशी डोळा अजून बंद होता. डोळा म्हणजे कलम बांधणारे म्हणतात तो, जिथून पान फुटतं. हा चेस्टनटचा डोळा बोटाच्या पेराएवढा, तपकिरी, वर खवले आणि खवल्यांवर चीक असा की नातीनं बोट लावलं ते दिवसभर तिच्या स्वेटरला, नकाशाला आणि शेवटी माझ्या चष्म्याला चिकटत राहिलं. त्या खवल्यांच्या आत लवेत गुंडाळलेलं पान घड्या घालून बसलेलं असतं, कधी कधी फुलांचा अख्खा तुरा असतो, आणि हे सगळं आदल्या उन्हाळ्यातच तयार झालेलं असतं. मग पुढचे सहा-सात महिने हा डोळा करतो काय? हिशेब करतो. हिमाच्या थोडी वर, पाच-सात अंशांपर्यंतची थंडी किती पडली ते, सावकाराच्या वहीत हप्ते जमा व्हावेत तसं त्याच्या खाती जमा होत राहतं, आणि बाकी फिटल्याशिवाय कितीही कोवळं ऊन पडलं तरी तो ढिम्म हलत नाही. कारण तिकडे जानेवारीतही एखादा आठवडा फसवा उबदार निघतो. त्याला भुलून पान बाहेर आलं आणि दोन रात्रींनी हिम पडलं तर वर्षाची पुंजी गेली. थंडीची बाकी फिटली की मग तो ऊब मोजू लागतो आणि तीही पुरेशी झाली की खवले उघडतात. झाडाला मेंदू नाही, वही नाही. पेशींमधली कुठली जनुकं मिटायची नि कुठली उघडायची, हे थंडीच हळूहळू ठरवत जाते.

२००२ साली मात्र सोतिएच्या त्या झाडाला पान फुटलं २९ डिसेंबरला! नाताळचे दिवे अजून उतरले नव्हते आणि वसंत दाराशी. अधिकाऱ्यानं नियमाप्रमाणे नोंद केली, दुसरं काय करणार बिचारा. विसाव्या शतकात तारीख अशीच अलीकडे सरकत आली. गाव वाढलं, हवा तापली. आणि यातही एक गोम आहे: हिवाळाच फार उबदार झाला तर थंडीची बाकी फिटायलाच वेळ लागतो आणि पान लवकर येण्याऐवजी उशिरा येऊ शकतं.

तिथून आगगाडीनं स्ट्रासबर्गला, हिच्या मैत्रिणीकडे. दोघी रात्री दोनपर्यंत बोलत होत्या, तेव्हा झोप कुणाला नव्हतीच, पण पहाटे छपरावर जी टकटकटक सुरू झाली त्यानं उरलीसुरलीही गेली. शेजारच्या धुराड्यावर पांढरा करकोचा बसून, मान पार पाठीवर टाकून चोच वाजवत होता. त्याला गळ्यातला आवाज जवळजवळ नाहीच. नवरा-बायको एकमेकांशी बोलतात ते चोचीनं. १९७०च्या दशकात त्या अल्सास प्रांतात यांच्या जेमतेम दहाएक जोड्या उरल्या होत्या. मग लोकांनी पिल्लं पिंजऱ्यात वाढवून दोन-तीन वर्षं जाऊच दिली नाहीत, म्हणजे आफ्रिकेची ओढ विसरून ती तिथंच राहायला लागली. आता शेकड्यांनी जोड्या आहेत. हिवाळ्यात हे पक्षी जातात कुठं, हे युरोपातल्या शहाण्यांना शतकानुशतकं नक्की ठाऊक नव्हतं. तळ्याच्या चिखलात झोपतात असंही मानणारे होते. १८२२ साली उत्तर जर्मनीत एक करकोचा सापडला, त्याच्या मानेत हातभर लांब बाण आरपार. बाण आफ्रिकेतला! बाण घेऊनच तो गडी घरी परतला होता. अजून रोस्टॉक विद्यापीठात तो पेंढा भरून ठेवलेला आहे.

पुढं लायडन, हॉलंडात. ट्युलिपची शेतं बघून सून हरखली, पण नात एकदम रडवेली झाली, कारण शेतकरी यंत्रानं फुलांची मुंडकी उडवत चालला होता आणि बांधाला लाल-पिवळ्या पाकळ्यांचे ढीग लागले होते. तिला म्हटलं, त्याला फूल नकोय, कंद हवाय. फूल राहिलं तर झाड बी धरायला जातं आणि कंदाचं पोषण तिकडे जातं. आमच्या नाशिककडचा कांदेवाला हे चटकन ओळखेल. कांद्याला डेंगळा आला की कांदा बिघडला, आणि डेंगळे येतात ते थंडी जास्त लागली म्हणून. ट्युलिपचंही तेच, फक्त उलट्या गरजेनं: तीन-चार महिने गारठ्यात काढल्याशिवाय त्याचा दांडा नीट उंचच होत नाही. म्हणून पुण्यात हौसेनं कंद लावणाऱ्याला फ्रिजमध्ये भाजीशेजारी त्यांची सोय करावी लागते.

याच ट्युलिपपायी हॉलंडातली शहाणी माणसं एकदा खुळी झाली होती. पाकळ्यांवर ज्वाळांसारखे पट्टे असलेल्या एकेका कंदासाठी घराची किंमत बोलली जायची आणि १६३७च्या फेब्रुवारीत तो सगळा बाजार झोपला. ते पट्टे म्हणजे रोग होता, बरं का. मावा एका झाडाचा रस पिऊन दुसऱ्यावर बसायचा आणि विषाणू पसरवायचा. रोगी कंद दुबळा, त्याला पोरं कमी, म्हणून तो दुर्मीळ, म्हणून महाग. हे कोडं सुटायला विसावं शतक उजाडलं.

पण मला सांगायचाय तो ट्युलिप नव्हे, तो तिथं लावणारा म्हातारा. नाव क्लूसियस. १५९३ साली सदुसष्टाव्या वर्षी, लंगडत लंगडत, तो लायडन विद्यापीठाची बाग मांडायला आला आणि पुढच्याच वर्षी त्यानं तिथं ट्युलिप फुलवला. कंद, बिया, रोपं त्याच्याकडे येत ती मित्रांच्या पत्रांबरोबर. साऱ्या युरोपात त्याचे मित्र, आणि मागेल त्याला हा वाटून टाकणारा. चोर मात्र रात्री वाफे उकरून न्यायचे, त्याचं त्याला भारी दुःख. आता जिनिव्हाचं झाड आठवा. हॉर्स चेस्टनट मुळात बाल्कनच्या डोंगरांतलं. तुर्की राजधानीतून त्याचं बी १५७६ साली व्हिएन्नात पोहोचलं, ते याच क्लूसियसच्या हातात. म्हणजे जिनिव्हाचा सरकारी नोकर आणि लायडनचा ट्युलिप, दोघांचा पाहुणचार करणारा माणूस एकच. आणि अजून एक. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया दा ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानं आपल्याकडच्या औषधी झाडांवर एक पुस्तक लिहून १५६३ साली गोव्यातच छापलं, त्यात आपला आंबा आहे, फणस आहे, नारळ आहे. क्लूसियसला ते सापडलं आणि १५६७ साली त्यानं ते लॅटिनमध्ये आणलं, तेव्हा कुठं युरोपभरच्या विद्वानांना आपला आंबा वाचायला मिळाला. पणजीत त्या वैद्याच्या नावाची बाग आहे, फुरसत असेल तर तिथल्या बाकावर टेका. आमच्या हिचं म्हणणं एवढंच की क्लूसियसला विमानतळ लागला नाही, नाहीतर त्याचाही कढीपत्ता शेजारणीकडे गेला असता.

लायडनच्या कालव्याकाठी चेस्टनट फुलायला लागले होते. पांढऱ्या फुलांचे उभे तुरे. तुरा वाकवून जवळून बघितला, तर प्रत्येक फुलाच्या आत एक ठिपका: काहींत पिवळा, काहींत गडद लाल. नातीला वाटलं दोन जाती आहेत. मी म्हटलं, भुंग्यांकडे बघ. भुंगा पिवळ्या ठिपक्याच्या फुलात शिरत होता, लाल ठिपक्याकडे ढुंकून बघत नव्हता. ताज्या फुलात मध असतो तोवर ठिपका पिवळा. दोन-चार दिवसांनी मध थांबला की तो लाल होतो, आणि लाल रंग मधमाशीला दिसतच नाही. माशीची खेप वाचते, झाडाचं काम ताज्या फुलावरच होतं, आणि जुनी फुलं तुऱ्यावर राहिल्यानं तुरा दुरून मोठाच दिसतो.

हे बघायला लायडनला जायची गरज नाही. बांधावरची घाणेरी आहे ना, जिला आपण शिव्या घालतो, तिच्या गुच्छात मधली ताजी फुलं पिवळी आणि कडेची जुनी गुलाबी किंवा लाल असतात. उद्या सकाळी पंधरा मिनिटं तिच्यापाशी उकिडवे बसा आणि फुलपाखरू सोंड कुठल्या रंगात घालतं ते मोजून मला सांगा.