पंधरा मिनिटं आणि दोन वह्या

छत धरून ठेवणाऱ्या पोलादी बोल्टवर घण घालायचा. तो आवाज वर जमिनीवर पोचेल आणि खाली माणसं जिवंत आहेत हे कळेल, अशी अमेरिकेतल्या कोळसा कामगारांना शिकवण होती. जानेवारी 2006 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या सेगो खाणीत अडकलेल्यांनी तेच केलं, अगदी आळीपाळीने. वर ते ऐकणारं यंत्र लावलेलंच नव्हतं.

2 जानेवारी, नववर्षाच्या सुट्टीनंतरची पहिली पाळी. सकाळी साडेसहाच्या सुमारास खाणीच्या सोडून दिलेल्या, भिंती घालून बंद केलेल्या भागात साठलेला मिथेन पेटला. कारण बहुधा आकाशातून पडलेली वीज, असं चौकशीत निघालं. या भिंतींनी दर चौरस इंचाला 20 पौंड दाब सोसावा, एवढीच तेव्हाच्या नियमाची अपेक्षा. प्रत्यक्षात दाब 93 पौंडांच्याही पुढे गेला. भिंती उडाल्या, टेलिफोनची तार तुटली. एक जण स्फोटाच्या जवळच गेला. आणखी आत असलेले बारा जण बाहेर निघाले, पण समोर धूर पाहून मागे फिरले आणि पडदा ताणून एका कोपऱ्यात बसले. 41 तासांनी बचाव पथक त्यांच्यापर्यंत पोचलं, तेव्हा त्यांतला एकच जिवंत होता. बाकीचे कार्बन मोनॉक्साइडने गेले.

प्रत्येकाजवळ तासभर प्राणवायू देणारा 'सेल्फ रेस्क्यूअर' होता. त्यांतले किमान चार चाललेच नाहीत, असं वाचलेल्या कामगाराने मृतांच्या कुटुंबांना लिहिलं. सरकारी तपासात मात्र त्याच उपकरणांत प्राणवायू देण्याची क्षमता शिल्लक आढळली. मला या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या वाटतात. हे यंत्र चालू झालं की आतली हवा गरम होते आणि श्वास ओढायला जोर लागतो. वर्गात बसून नुसतं झाकण उघडायला शिकलेला माणूस धुरात हेच समजणार, की यंत्र बिघडलंय.

त्या दोन दिवसांत आणखी एक गोष्ट घडली. 'बारा जण जिवंत आहेत' असा चुकीचा निरोप वर आला. चर्चमध्ये जमलेल्या नातेवाइकांनी जल्लोष केला, घंटा वाजल्या. खरं काय ते त्यांना कळायला जवळजवळ तीन तास गेले.

सेगो एकटीच असती, तर संसद इतक्या लवकर हलली असती का, शंका आहे. 19 जानेवारीला त्याच राज्यातल्या अराकोमा खाणीत आग लागून दोघे गेले. 20 मे रोजी केंटकीतल्या डार्बी खाणीत स्फोट होऊन पाच गेले. 15 जून रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी 'मायनर ॲक्ट' या खाण सुरक्षा कायद्यावर सही केली. आधी बळी, मग कायदा, हा तिथला जुनाच शिरस्ता. 1968 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्याच फार्मिंग्टनच्या खाणीत 78 जण मेले, त्यानंतर 1969 चा खाण सुरक्षा कायदा आला.

नव्या कायद्यातलं जवळजवळ प्रत्येक कलम सेगोतल्या एकेका उणिवेवर बोट ठेवतं. बाहेर पडण्याच्या वाटेवर सेल्फ रेस्क्यूअरचे जादा साठे हवेत. अंधारात हाताने चाचपत जाता येईल अशी, आगीला दाद न देणारी दोरी हवी. तीन वर्षांत बिनतारी संपर्क आणि कोण कुठे आहे ते दाखवणारी यंत्रणा हवी. बंद भागाच्या भिंती मजबूत हव्यात; 2008 च्या नियमाने आतल्या हवेवर देखरेख नसेल तिथे 120 पौंडांची अट घातली. त्याच वर्षअखेरच्या नियमाने भुयारात 96 तास श्वास पुरेल असा निवारा सक्तीचा केला. सेल्फ रेस्क्यूअरची गरम हवा आणि श्वासाचा जोर सरावात अनुभवायला लावणारं प्रशिक्षणही आलं. कुटुंबांशी बोलायला सरकारी माणूस नेमला गेला.

माझ्या मते यातलं सर्वांत धारदार कलम यंत्राचं नाही, घड्याळाचं आहे. जीवघेण्या अपघाताची खबर सरकारला पंधरा मिनिटांत द्यायची, नाहीतर दंड, मूळ कायद्यानुसार, किमान 5,000 आणि जास्तीत जास्त 60,000 डॉलर. सेगोत खबर द्यायला सुमारे दोन तास लागले होते, आणि पहिलं बचाव पथक आत शिरलं ते स्फोटानंतर जवळजवळ अकरा तासांनी.

पण हे सगळं स्फोट झाल्यानंतरचं. तो होऊ नये यासाठी रोजच्या पाळीत गॅस मोजावा लागतो, कोळशाच्या भुकटीवर चुनखडीची पूड मारावी लागते, कापणी यंत्राचे पाण्याचे फवारे चालू ठेवावे लागतात. त्यात उत्पादन थांबतं. 5 एप्रिल 2010 रोजी वेस्ट व्हर्जिनियातच अपर बिग ब्रँच खाणीत स्फोट होऊन 29 जण मेले. चौकशीत निघालं, की तपासनीस फाटकाशी आले की आत आगाऊ सूचना जायची. धोक्यांच्या नोंदींच्या वह्याही दोन होत्या. खरे दोष कंपनीच्या आतल्या वहीत, आणि तपासनिसांना दाखवायची वही त्याबाबत गप्प. मायनर ॲक्ट तेव्हा जवळजवळ चार वर्षांचा झाला होता.

आपल्याकडे गॅसइतकंच पाण्याचं भय. 1954 मध्ये छिंदवाड्याकडच्या न्यूटन चिखली खाणीत पाणी घुसून 63 जण गेले. तो पेंच पट्टा आज नागपूरच्या वेस्टर्न कोलफील्ड्सकडे आहे. 1957 च्या कोळसा खाण नियमावलीत पाणी साठलेल्या जुन्या कामाच्या 60 मीटर आत परवानगीवाचून खणायला मनाई होती. तरी 27 डिसेंबर 1975 रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाण्याने 375 जणांचा बळी घेतला, आणि 2001 मध्ये बागडिगी खाणीत शेजारच्या जयरामपूर खाणीतलं पाणी शिरून 29 जण गेले. अशा ठिकाणी सगळी भिस्त जुन्या नकाशावर असते, आणि नकाशा चुकला तर नियमातले 60 मीटर कागदावरच राहतात.

शिक्षेचं काय? अपर बिग ब्रँचच्या मालक कंपनीचे प्रमुख डॉन ब्लँकेनशिप यांना सुरक्षा नियम मोडण्याच्या कटाबद्दल 2016 मध्ये एक वर्षाची कैद आणि अडीच लाख डॉलर दंड झाला. त्या गुन्ह्याला कायद्यात त्याहून जास्त कैद नव्हतीच. आपल्याकडे 2025 पर्यंत लागू असलेल्या 1952 च्या खाण कायद्यात, नियम मोडल्यामुळे माणूस मेला तर, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद होती. चासनालाचा खटला धनबादच्या न्यायालयात 2012 पर्यंत चालला. त्या वर्षी हयात असलेल्या दोन माजी अधिकाऱ्यांना शिक्षा सुनावली गेली, तीही एका वर्षाचीच.